लग्नाचा आचारी आणि शाळेच्या भिंती

चिंचखेडच्या नाक्यावर माझं पत्र्यांचं दुकान आहे, त्यामुळे गावची भांडणं मला फुकटात ऐकायला मिळतात. पुरात शाळा पडली. नवी शाळा बांधताना कमीत कमी धूर झाला, तरच सरकारी अनुदान मिळणार होतं.

बांधकाम कंपनीचे रणदिवे साहेब लेकीच्या लग्नाचे लाडू घेऊनच माझ्या दुकानावर आले. म्हणाले, "भिंती आमच्या परराज्यातल्या कारखान्यातून तयार येतील. इथे नुसत्या जोडायच्या. गावात धुराचा कण नाही!"

दुकानात बसलेल्या सरपंच यमुनाक्कांनी विचारलं, "आणि त्या वाहून आणणाऱ्या ट्रकांचा धूर?"

"तो गावाबाहेरचा. अक्का, हे शास्त्र तुम्हाला नाही कळायचं."

"बरं. लग्नाचं जेवण कुठून मागवलंत?"

"मागवायचं कशाला? आचारी पातेली घेऊन आला, मांडवामागेच रांधलं."

"मग साहेब, आमच्याकडेही आचारी आणि पातेलीच पाठवा. साचे आणा, कारागीर आणा. वाळू-खडी इथलीच आहे, भिंती मैदानात ओता."

शेजारी बसलेले अनुदानाचे अधिकारी म्हणाले, "मी ट्रकांचा धूरही मोजणार आहे. असं केलंत तरच सही करीन."

रणदिवे साहेबांनी लाडवांचा डबा अक्कांपुढे सरकवला आणि साचे कधी पाठवू, एवढंच विचारलं.