पैलतीरच्या कोल्ह्याचे जुने गोल

एका जंगलातून एक ओढा वाहत असे आणि त्या ओढ्याच्या पैलतीरावर एक कोल्हा राहत असे. उन्हाळा लागला की ओढा आटे आणि मधल्या वाळूत ऐलतीरचे आणि पैलतीरचे प्राणी फुटबॉल खेळत. हा खेळ नुसता गमतीचा नव्हता बरं का, मुलांनो! ओढा आटला तरी जांभळाखालच्या डोहात थोडं पाणी उरे, पण ते दोन्ही तीरांना पुरत नसे. म्हणून पूर्वापार ठरलेलं होतं की वैशाखातला सामना जो तीर जिंकेल त्याने पाऊस पडेपर्यंत डोहाचं पाणी प्यायचं. जो हरेल त्याने टेकडीपलीकडच्या पाणवठ्यावर जायचं. आणि त्या वाटेवर बिबट्या टपून बसलेला असे.

या कोल्ह्याने जन्मात कधी चेंडूला पाय लावला नव्हता. पण बोलायला लागला की 'आम्ही'शिवाय दुसरा शब्द नाही! ऐलतीरचा ससा वाळूत सरावाला उतरला की हा काठावर हजर. "अरे ए लांबकान्या! ज्या साली वणवा लागला, त्या साली आम्ही तुम्हाला किती गोल मारले, आठवतं का? नऊ! आणि तुमचे किती? भोपळा! तुझ्या आजोबांच्या पायांमधून गेला होता शेवटचा!"

"हरलो होतो खरं," ससा म्हणे. "पण कोल्होबा, त्या नवांतले तुम्ही किती मारले?"

झालं! कोल्ह्याच्या तळपायाची आग मस्तकाला जाई. काय ही हिंमत! ज्यांच्या सात पिढ्या हरत आल्या, त्यांनी आपल्याला प्रश्न विचारायचे? शेपटी फुलवून तो तरातरा घरी येई आणि कोल्हिणीला सांगे, "ऐकलंस? नावावर एक धड विजय नाही आणि तोंड बघ केवढं!"

कोल्हिणीला त्या वर्षी नुकतीच पिल्लं झाली होती. ती म्हणाली, "अहो, त्या सशाचं राहू द्या. आपल्या गोलात कोण उभं राहणार ते बघा. डोह गेला तर हे चिमणे जीव घेऊन मी बिबट्याच्या वाटेने कशी जाऊ?"

"गोलाची कसली चिंता? अस्वलआजोबा आहेत की! त्यांनी उभ्या आयुष्यात एक गोल खाल्लेला नाही. अख्ख्या जंगलात असा आकडा कोणाचा नाही!"

"अहो, पण त्यांना आता समोरचं झाड दिसत नाही. परवा मलाच म्हणाले, काय रानडुकरा, बरा आहेस ना? त्यापेक्षा त्या वानराला उभं करा. सारखं झेलत असतं बिचारं, एक चेंडू सोडत नाही."

"वानर?" कोल्हा उसळला. "त्याच्या नावावर सामने किती? शून्य!"

"कधी उभंच केलं नाही, तर आकडा येणार कुठून?"

"तुला खेळातलं काय कळतं!" कोल्हा म्हणाला. उत्तर सुचलं नाही की असंच म्हणतात, मुलांनो. कोल्हीण मात्र पिल्लांना चाटू लागली.

पैलतीरची रीत अशी होती की सामन्याआधी सगळ्यांनी वडाखाली जमायचं आणि ज्याच्या नावाचा गजर मोठा, त्याला संघात घ्यायचं. कोल्ह्याचा गळा सगळ्यांत मोठा. त्याने अस्वलाच्या नावाने असा काही घोष चालवला की वानराचं नाव घेणाऱ्यांचा आवाज कोणाला ऐकूच गेला नाही. अस्वल काकुळतीला येऊन म्हणालं, "बाळांनो, मला खरंच दिसत नाही रे. मला बसू द्या."

"बघा, बघा!" कोल्हा गहिवरून ओरडला. "एवढा पराक्रम आणि केवढा हा नम्रपणा! ऐलतीरात आहे का असा एक तरी?" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. वानर खालमानेने निघून गेलं. मला तर कोल्ह्याइतकाच त्या टाळ्या पिटणाऱ्यांचाही राग येतो. आजोबा स्वतः सांगताहेत दिसत नाही म्हणून, आणि तुम्ही टाळ्या कसल्या पिटता?

सामन्याचा दिवस उजाडला. पंच म्हणून कावळा बसला. आपला कोल्हा आपल्या तीरावर बसला असेल म्हणता? छे! तो थेट ऐलतीरच्या गर्दीसमोर जाऊन उभा राहिला. तोंड गर्दीकडे, पाठ खेळाकडे! "हं, ऐका! वणव्याच्या साली नऊ! पळस दोनदा फुलला त्या साली सहा! महापुराच्या आदल्या साली..."

इकडे सशाने चेंडू पळवत आणला आणि गोलाकडे मारला. अस्वलाला काहीतरी इवलंसं दुडदुडत येताना दिसलं. त्याला वाटलं, कोणाचं तरी पिल्लू आहे. ते प्रेमाने बाजूला सरकलं आणि म्हणालं, "सावकाश रे बाळा, पडशील!" चेंडू आत गेला. ऐलतीरावर एकच जल्लोष झाला.

"मध्येच काय ओरडता?" कोल्हा गर्दीवर खेकसला. "माझं पुरतं होऊ द्या! तर महापुराच्या आदल्या साली आम्ही..." तेवढ्यात दुसरा गोल झाला. आता कुठे त्याने मागे वळून पाहिलं. अस्वल चेंडूला शोधत भलत्याच दिशेला हात पसरून उभं होतं. मग पैलतीरकरांना एकदम वानराची आठवण झाली. वानर आलं, उभं राहिलं आणि पुढचे सगळे चेंडू त्याने अडवले. पण सूर्य टेकडीला टेकला, खेळ संपला. पैलतीरला एकही गोल करता आला नाही.

"हा अन्याय आहे!" कोल्हा कावळ्यावर धावून गेला. "दोन गोलांवर डोह द्यायचा? आजवरचे सगळे मोजा! सगळे मिळून आम्ही कितीतरी पुढे आहोत!"

"डोह आजच्या सामन्याचा आहे," कावळा म्हणाला आणि उडून गेला.

कोल्हीण पिल्लांना घेऊन डोहाकाठी उभी होती. तहानेने त्यांच्या जिभा बाहेर आल्या होत्या. सशाला ते बघवलं नाही. तो म्हणाला, "वहिनी, आजच्या दिवस पिल्लांना पाजून न्या. लांब जायचंय तुम्हाला."

"काही नको!" कोल्हा कडाडला. पडले तरी नाक वर! "आम्ही पैलतीरचे आहोत! ज्यांना आम्ही नऊ गोल मारले, त्यांच्या दयेचं पाणी आमची पिल्लं पिणार नाहीत!"

कोल्हिणीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने पिल्लांना पोटभर पाणी पिऊ दिलं. मग सगळ्यांत धाकट्याला तोंडात धरण्याआधी ती नवऱ्याला म्हणाली, "आज ती सशाच्या उपकारावर प्यायली. उद्या तहान लागली की त्यांना तुमचे नऊ गोल पाजा."

आणि ती टेकडीच्या, बिबट्याच्या वाटेला लागली. कोल्ह्याने उरलेल्या पिल्लांना पुढे घातलं आणि झुडपाझुडपाला दचकत तो तिच्या मागून चालू लागला.

तात्पर्य : वाडवडिलांच्या पराक्रमाने शेजाऱ्याला खिजवता येतं, घरच्यांची तहान भागवता येत नाही.