उन्हाच्या बाजूची फांदी

त्या रानात झाडांच्या दुखण्याला झाडांचा शब्द पुरत नसे. म्हातारा धनेश झाड तपासे, दुखणं पानावर चोचीनं कोरून देई, आणि ते पान हाती आलं तरच सुतार पक्षी आपली चोच उचले. एकदा एका कावळ्यानं खोटं पान आणून एका झाडाची धडधाकट फांदी तोडवली होती. तेव्हापासून सुतार फार सावध झाला. पूर्वी तो सालीवर टकटक करून कान लावत असे. आता सारा वेळ पानावरच घालवी. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, हे खरं. पण हा नुसता फुंकतच बसे.

सावरीला भुंगा लागला. तिच्या दोनच फांद्या उरल्या होत्या, एक पोखरलेली आणि एक कळ्यांनी लगडलेली. सुतार सकाळीच आला. सावरीकडे न बघता त्यानं पान उजेडात धरलं. खूण धनेशाच्याच चोचीची होती. पान ताजं होतं. मजकूर एवढाच, की उन्हाच्या बाजूची फांदी काढावी. तेवढ्यानंही समाधान न होऊन तो धनेशाच्या ढोलीपर्यंत उडत गेला.

"उन्हाच्याच बाजूची ना?"

"उन्हाच्याच. मी स्वतः पाहिलीय," धनेश म्हणाला. दिवस कलल्याशिवाय तो ढोलीबाहेर पडत नसे.

सुतार परतला तेव्हा सावर म्हणाली, "सुतारबुवा, एकदा कान लावून बघता का? दुखतंय ते पलीकडं, असं वाटतं."

"बाई, पत्राची खातरजमा झालीय," सुतार म्हणाला. त्याच्या हाताखालच्या मुंग्यांनी तिला गुंगीसाठी धोत्र्याचा रस पाजला.

पुढचं तिला काही कळलं नाही. सुतारालाही फारसं काही वाटलं नाही. सकाळचं ऊन पडलेली फांदी कळ्यांसकट खाली आली. आतलं लाकूड पांढरं, ओलं आणि निरोगी होतं. त्यानं पान पुन्हा काढलं, खूण पुन्हा पाहिली. खूण बरोबर होती. तो तिथंच बसून राहिला. भीती वाटायला हवी होती, तीही वाटेना.

दिवस कलला. ऊन सरकत सरकत बुंध्याच्या पलीकडं गेलं आणि उरलेल्या फांदीवर पडलं. तिच्यातून बारीक भुसा गळत होता.

"झालं का, बुवा?" शुद्धीवर येत सावरीनं विचारलं.

सुतारानं पान त्या उन्हात धरलं. आता त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.