भट्टीजवळचे वाचन

स्वतःसाठीच शिकायचे, तर मोठ्याने कशाला वाचायचे? हे मी दादाला विचारले, आईला विचारले.

एकदा एका गावात दोन भाऊ भांड्यांना कल्हई लावत. त्यातला थोरला गेला. उरलेला धाकटा मी.

तिशी उलटल्यावर दादाने मुक्त विद्यापीठात अर्थशास्त्राच्या पदवीसाठी नाव घातले. भट्टीचा भाता एका हाताने फिरवायचा, दुसऱ्या हातात पुस्तक धरायचे आणि खणखणीत आवाजात वाचायचे, ही त्याची रीत. सांडशीत तापलेले पातेले धरून कथील फिरवताना मला ते सारे ऐकावेच लागे. पाठ संपला की तो विचारी, "पटतं का रे?"

मी म्हणे, "मला काय विचारतोस? साहेब तू होणार. मी धूर खाणार."

रविवारी तो इस्त्रीचा सदरा घालून अभ्यासकेंद्रावर जाई. एकदा मी मागोमाग गेलो आणि खिडकीतून पाहिले. एसटीचे कंडक्टर, पन्नाशीच्या नर्सबाई, सगळे त्याच्या बोलण्यावर खळखळून हसत होते. माझा दादा, आणि हसवत होता यांना! घरी येऊन मी त्याची स्वाध्यायाची वही भट्टीत टाकली. त्याने राख पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि सगळे पुन्हा लिहून काढले.

श्रावणात त्याला कावीळ झाली. नवव्या दिवशी दादा गेला.

तेराव्यानंतर केंद्राची पुस्तके परत करायला मी तिथल्या वृद्ध गुरुजींकडे गेलो. गठ्ठा टेबलावर आपटला आणि बोलून गेलो, "त्याची वही मी जाळली होती. सातव्या पाठाची."

गुरुजी रागावले नाहीत. कोरे कागद पुढे ओढून म्हणाले, "मग भरून दे. तू सांग, मी लिहितो."

"चेष्टा करता का गुरुजी? चौथीत शाळा सुटली माझी."

"मीठ महागलं, तर लोक मीठ कमी खातात का?"

"नाही खात. गरजेच्या वस्तूची मागणी भावाने फारशी हलत नाही," मी चिडून म्हणालो. "साडीचं तसं नाही. साडी महागली की बाई म्हणते, पुढच्या दिवाळीला बघू..." आणि मी बोलतच गेलो. चार पाने भरली.

मग गुरुजींनी कपाटातून दादाने पुन्हा लिहिलेली वही काढली आणि शेजारी ठेवून मला वाचून दाखवली. तेच मीठ, तीच साडी, त्याच क्रमाने.

"हे सगळं तो भट्टीजवळ मोठ्याने वाचायचा," मी म्हणालो.

"तो घरी मोठ्याने का वाचत असे, मला ठाऊक नाही," गुरुजी म्हणाले. "इथे वाचताना मात्र त्याचे ओठसुद्धा हलत नसत. लेकरा, दुसऱ्याच्या पानाकडे टक लावून बसलेल्याला आपल्या पानात काय वाढलंय ते दिसत नाही. शाळा सुटलेल्यांसाठी इथे पूर्वतयारीचा वर्ग चालतो. तो पार केला की पदवीला बसता येतं. अर्ज शनिवारपर्यंत घेतात."

अर्ज मी तिथेच भरला. सही करायला फार वेळ लागला. पुस्तके गुरुजींनी ठेवून घेतली नाहीत.

दादाचा अकरावा पाठ वाचायचा राहिला होता. घरी येऊन मी भट्टी पेटवली. वर भांडे नव्हते. एका हाताने भाता फिरवत, अक्षराला अक्षर जोडत, तो पाठ मी शेवटपर्यंत मोठ्याने वाचला.