शेजारची बॅटरी

एकदा घटस्थापनेच्या सकाळी एका वृद्ध वस्तादांनी आपल्या शिष्येला समोर बसवले आणि म्हणाले, "रत्ना, या दसऱ्याला मी हा दुरुस्तीचा बाक सोडणार. लोकांनी टाकून दिलेली एक बॅटरी तू स्वतः उठवून दाखव. दाखवलीस तर हा बाक तुझा. नाही तर दिवाळीनंतर शटर कायमचं खाली. माझ्या डोळ्यांना आता आकडे दिसत नाहीत, आणि कच्च्या हातात मी लोकांच्या गाड्या देणार नाही."

तालुक्याच्या रस्त्याला लागून त्यांचे दुकान होते. जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली होती. रत्नप्रभा तीन वर्षांपूर्वी तिथे पहिल्यांदा आली ती नवऱ्याच्या जीपची बॅटरी सारखी का बसते एवढेच विचारायला. उत्तर ऐकता ऐकता ती शिकायलाच राहिली. तेव्हा ती पस्तिशीची होती आणि दहावीपर्यंत शिकलेली होती. पाण्याची पातळी कशी पाहावी, फुगलेली बॅटरी लांबूनच कशी ओळखावी, टर्मिनलवर धरलेला पांढरा-हिरवा थर गरम पाण्यात खायचा सोडा घालून कसा काढावा, हे सगळे तिने मन लावून आत्मसात केले. दुकानातला स्मार्ट चार्जर तर तिच्याच आग्रहावरून आला होता. हे यंत्र बॅटरीची अवस्था आपणहून तपासते आणि पडून राहिलेल्या बॅटरीच्या आतल्या पत्र्यांवर बसलेला थर हळूहळू सोडवते. त्याची माहितीपुस्तिका तिने एखादी पोथी वाचावी तशी वाचली होती.

तरीही दुकानात आलेले गिऱ्हाईक तिच्या डोक्यावरून मागे पाहत असे आणि विचारत असे, "वस्ताद कुठंयत?"

पाचव्या माळेला एक भुसार मालाचे व्यापारी आले. बॅटरी त्यांनी पोत्यात गुंडाळून आणली होती.

"वस्ताद, वर्षभर मुलीकडं होतो. वडिलांच्या वेळची गाडी, तशीच शेडमध्ये उभी. नव्या दुकानात बॅटरी दाखवली तर म्हणाले, भंगारात द्या. म्हटलं, आधी तुमचा शब्द ऐकावा. दसऱ्याला गाडी स्वतःच्या चाकांवर दारात आलेली बघायची आहे."

रत्नप्रभा बॅटरी उचलायला पुढे झाली.

"बाई, सांभाळून. बॅटरी आहे ती, शेगडी नव्हे."

"शेगडी असती तर शेठ, एव्हाना तुमच्या हातात चहा आला असता," ती म्हणाली.

वस्ताद मिशीत हसले. "ही बॅटरी रत्नाच बघणार," ते म्हणाले. व्यापाऱ्यांचा चेहरा पडला, पण बॅटरी ठेवून ते निघाले.

रत्नप्रभेने बॅटरी धुतली, कोरडी केली. आतली पाण्याची पातळी उतरली होती, ती डिस्टिल्ड वॉटरने नीट केली. मग चार्जरचे चिमटे लावले. लाल दिवा लागला. तिने चिमटे काढून पुन्हा लावले. पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही तेच. पुस्तिकेत स्वच्छ लिहिले होते: लाल दिवा म्हणजे बॅटरी निकामी.

"वस्ताद, यंत्र हिला ओळखतसुद्धा नाही," ती म्हणाली. दसऱ्याला आता पाचच दिवस उरले होते.

वस्तादांनी दुकान बंद करायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, तेव्हा वस्ताद दुकानाच्या जीपचे बॉनेट उघडून वाकले होते. जीपची बॅटरी दुकानातली सगळ्यांत दणकट. ती त्यांनी बाहेर काढली, मेलेल्या बॅटरीच्या अगदी शेजारी ठेवली आणि दोन वायरींनी दोघींना जोडले. लाल टोक लालला, काळे काळ्याला. मग म्हणाले, "आता लाव चार्जर."

तिने लावला. दिवा पिवळा झाला. यंत्र गुणगुणू लागले.

"अहो, ही लबाडी झाली!" रत्नप्रभा उसळून म्हणाली. "यंत्राला जीपची बॅटरी दिसतेय. आपली नाही."

"बरं मग?"

"मग काय? जीपची काढली की लगेच लाल होईल."

"काढू की. तोवर चहा घेऊ."

वीस-पंचवीस मिनिटांनी वस्तादांनी वायरी सोडवल्या. दिवा पिवळाच राहिला. यंत्राने आता त्या एकट्या बॅटरीला ओळखले होते.

क्षणभर तिला हर्ष झाला, आणि मग तिचा चेहरा उतरला. "पण ही युक्ती तुमची. अट तर मी स्वतः उठवायची अशी होती."

वस्तादांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि ते जीपची बॅटरी जागेवर बसवायला निघून गेले.

पुढचे तीन दिवस ती त्या बॅटरीच्या मागे होती. खिडकी उघडी ठेवायची, दर तासाला बॅटरीच्या अंगावर हात ठेवून ती फार तापली नाही ना ते पाहायचे. आठव्या माळेला दिवा हिरवा झाला. तेवढ्यात व्यापाऱ्यांचा फोन आला.

"झाली ना हिरवी? मग माणूस पाठवतो."

"नाही शेठ. एक दिवस ती नुसती पडून राहील."

"आता आणखी कशाला?"

"यंत्राला जोडलेली असताना कुणीही भरलेलं दिसतं. सोडून दिल्यावर किती टिकतं ते बघू दे."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. पाने, पकडी, मीटर आणि तो चार्जरसुद्धा पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहिली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. बॅटरी एका बाजूला शांत पडून होती.

दसऱ्याच्या सकाळी रत्नप्रभेने मीटर लावले. आकडा जवळजवळ जागच्या जागी होता. बॅटरीवर भार टाकून तिची ताकद मोजणाऱ्या लोड टेस्टरचा काटाही फार खाली गेला नाही. पण खरी परीक्षा गाडीत होती.

व्यापाऱ्यांनी ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी दुकानासमोर आणवली होती. बॉनेटवर झेंडूचा हार होता. तो प्रकार बघायला पाचसात माणसे जमली.

"वस्ताद कुठंयत?" व्यापाऱ्यांनी विचारले.

वस्ताद रस्त्यापलीकडे, बंद सलूनच्या पायरीवर इकडे पाठ करून शेंगा सोलत बसले होते. रत्नप्रभेने दोनदा हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही.

"आता झाली पंचाईत," गर्दीतला एक जण म्हणाला. "बाईवर सोडून गेले म्हातारबा."

तिला राग आला. पण बॅटरी तिने स्वतः उचलली, जागेवर बसवली, आधी लाल आणि मग काळी वायर आवळली.

"बसा शेठ. फिरवा चावी."

कुर्र... कुर्र... आणि आवाज थांबला.

"बघा! मी म्हणतच होतो," व्यापारी खिडकीतून म्हणाले.

रत्नप्रभेची नजर आपोआप रस्त्यापलीकडे गेली. पायरीवरची ती पाठ तशीच होती. तिने नजर परत बॉनेटखाली आणली आणि मनाशी विचार केला, बॅटरी कालपासून टिकून आहे, मग ताकद वाटेत कुठे अडते आहे? तिने वाकून पाहिले. बॅटरीची टोके तिने लखलखीत केली होती, पण गाडीच्या बाजूच्या वायरीच्या चिमट्याकडे तिचे लक्षच गेले नव्हते. त्याच्या आतल्या बाजूला वर्षभराचा थर बसला होता. तिने चिमटा सोडला, पॉलिश पेपरने आतून तांबूस चमक दिसेपर्यंत घासला आणि पुन्हा घट्ट आवळला.

"फिरवा."

गाडी एका दमात सुरू झाली. हारातल्या दोन फुलांच्या पाकळ्या थरथरून खाली पडल्या. व्यापारी इंजिन चालू ठेवूनच खाली उतरले आणि त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. मग त्यांनी विचारले, "कुणी उठवली ही?"

"मी," रत्नप्रभा म्हणाली.

तीन वर्षांत गिऱ्हाईकासमोर हा शब्द तिने पहिल्यांदा उच्चारला होता. मग ती रस्ता ओलांडून तरातरा पलीकडे गेली.

"हाका मारल्या तरी पाठ फिरवून बसलात!"

"पाठ तिकडं होती. कान तुझ्याकडंच होते," वस्ताद शांतपणे म्हणाले आणि त्यांनी शेंगांची टरफले खाली ठेवली. "रत्ना, त्या दिवशी जीपच्या बॅटरीनं काय केलं? वीस मिनिटांत ती काय भरणार होती? तिनं यंत्राला एवढंच कळू दिलं की इथं कुणीतरी आहे. पुढचे तीन दिवस घेतलं ते त्या बॅटरीनं स्वतः. पण मी जीपची तिथंच ठेवली असती तर? दिवा हिरवा झाला असता, आणि ताकद कुणाची हे कुणालाच कधी कळलं नसतं. तीन वर्षं लोकांना तू दिसत नव्हतीस, म्हणून मी शेजारी बसत होतो. आज बसलो असतो, तर ती गाडी माझ्या नावावर सुरू झाली असती. आणि तो चिमटा? पहिल्यांदा गाडी अडली ना, तेव्हा मलासुद्धा सुचला नव्हता; तुझ्या पॉलिश पेपरचा आवाज आला तेव्हा उमगलं."

रत्नप्रभेचा राग कुठल्या कुठे गेला होता. दसऱ्याचे सोने द्यावे म्हणून तिने पदराच्या टोकाला बांधलेली आपट्याची पाने काढली आणि ती वाकणार, तोच वस्तादांनी तिला अडवले. ते पायरीवरून उठले, "बाक तुझा," म्हणत आपल्या खिशातली पाने त्यांनी आधी तिच्या हातावर ठेवली आणि भर रस्त्यात सगळ्यांना दिसेल असा तिला नमस्कार केला.

ज्याला कुणी ओळखत नाही त्याच्या शेजारी थोडा वेळ जरूर उभे राहावे. आणि तो ओळखला जाऊ लागला की अभिमानाने बाजूला व्हावे.