मोठी मान

संगीत मंडळाचा कारकून निरंजन साठे याची कार्बन फायबरची गिटार गावभर गाजली, तेव्हापासून मंडळाचे अध्यक्ष जयसिंगराव यांना अन्न गोड लागेना. तशीच गिटार बनवून घ्यायला ते ती घडवणाऱ्या मिरजेच्या शमीमबींकडे गेले. रंग, तारा ठरल्या.

"निरंजनच्या गिटारची मान, ही तारांखालची दांडी, किती रुंद?"

"चव्वेचाळीस मिलिमीटर. त्यांच्या बोटांच्या मापानं."

"माझी पन्नास करा."

"रावसाहेब, तुमची बोटं आखूड. पोचायची नाहीत."

"न पोचोत. मंडळात माझी मान त्याच्याहून मोठी दिसली पाहिजे."

शमीमबींनी पट्टी खाली ठेवली. "मोठी मान मी करून देईन. मोठा मान मात्र वाजवूनच मिळतो."

जयसिंगरावांनी हात पुढे केला.

"घ्या माप. पण किती भरलं, ते निरंजनला सांगू नका."