काजव्याची टिकली

फार पूर्वी काजवे चमकत नसत. अंधारात आपटत, धडपडत जात.

त्यातलाच एक टिल्लू काजवा. एवढास्सा! तिळाएवढा.

चांदणीने त्याला टिकली दिली. चमचम टिकली!
"कपाळाला लाव हं. आईकडे जायची वाट दिसेल."
"लावतो, लावतो!" म्हणत टिल्लू उडाला. भिरभिर भिरभिर!
आणि टिकली पडली. टप्पकन्! करवंदीच्या जाळीत.

झाला अंधार. लांबच्या आंब्यावरून आई हाका मारतेय, "टिल्लू रे!"
वाट तर दिसेना.

"जाळीताई, जाळीताई! माझी टिकली दे ना!"
"उन्हाने घसा सुकलाय माझा. पाणी दे, टिकली घे."

टिल्लू गेला विहिरीवर. भिरभिर भिरभिर!
"पोहरेदादा, पोहरेदादा! जाळी टिकली देईना. पाणी आण ना!"
"दोर येईल, तर मी उतरेन."

भिरभिर भिरभिर!
"दोरमामा, दोरमामा! पोहरा उतरेना, जाळी टिकली देईना. चल ना!"
"माझ्या वेटोळ्यात मनी झोपलीय. ती उठेल, तर मी हलेन."

भिरभिर भिरभिर!
"मनीमावशी, मनीमावशी! दोर हलेना, पोहरा उतरेना, जाळी टिकली देईना. ऊठ ना!"
मनीने एकच डोळा उघडला.
"शुक शुक केल्याशिवाय मांजर उठतं का कधी?"

अंगणात सगुणा बसली होती. गाल फुगवून! तिला बाहेर झोपायचं होतं. आई म्हणाली होती, "आत झोप."

भिरभिर भिरभिर!
"सगुणाताई, सगुणाताई! मनी उठेना, दोर हलेना, पोहरा उतरेना, जाळी टिकली देईना. शुक शुक कर ना!"
"मी कुणाशी बोलत नाही. कट्टी!"
"आत्ता बोललीस की!"
"नाही बोलले!"
"परत बोललीस!"
सगुणाने ओठ घट्ट मिटले.

लांबून आईची हाक आली, "टिल्लू रे!"
टिल्लू घाबरला. एका दमात म्हणाला,
"सगुणाताई, सगुणाताई! दोर झोपेना, पोहरा म्याँव म्हणेना, मनी विहिरीत उतरेना, जाळी शेपटी देईना!"

सगुणा हसली. खुदकन्! मग खदाखदा!
"बट्टी!" म्हणाली. "शुक शुक!"

मनी उठली. दोर हलला. सळसळ सळसळ!
पोहरा उतरला. बुडुक बुडुक! वर आला नि जाळीपाशी लवंडला. भळभळ भळभळ!
जाळी पाणी प्यायली. गटगट गटगट!
"घे रे बाबा तुझी टिकली!"

टिल्लूने टिकली लावली. घाईघाईत!
कुठे लावली? कपाळाला?
छे! शेपटीला!

"अरे वेड्या," सगुणा म्हणाली, "टिकली तिथे लावतात का?"
टिल्लूने ओढून पाहिली. निघेचना!

पण आंब्यावरून आईला दिसली. चमचम चमचम!
"उलटी लावलीय? मग तो माझाच टिल्लू!"
आई भुर्रकन् आली. तिने टिल्लूला पोटाशी धरलं.

सगळे काजवे म्हणाले, "चांदणी, चांदणी! आम्हालाही टिकली! तिथ्थेच!"

सगुणाची आई बाहेर आली. अंगणभर चमचम! बघतच राहिली. मग तिने अंगणात गोधडी घातली. दोघींची!

अजून उन्हाळ्यात काजवे उडतात. टिकली झाकतात, उघडतात.
"आहे का? आहे! आहे का? आहे!"
लुक लुक, लुक लुक!

आणि तुझी टिकली रे? बघ बरं मागे!