गुळगुळीत गोटे

त्या मुलखात नदी आटत चालली होती. पण आटली असे कुणी म्हणत नसे. थोर पाणमांजरे एकमेकांना भेटली की 'नदी जरा दम खातेय' असे म्हणत आणि आपापल्या डोहात दिसेनाशी होत.

वेळू नावाच्या तरुण पाणमांजरीची झोप मात्र या दम खाण्यापायी उडाली होती. तिची लेक गुंजी काठशाळेत शिकत होती, आणि तिला अजून कुठल्याच डोहावर उमेदवारी मिळाली नव्हती. रीत अशी होती, की शिकत्या पोराने एक उन्हाळा दुसऱ्याच्या डोहावर राबायचे; ते झाले तरच पुढे स्वतःचा डोह. उन्हाळा तर दाराशी येऊन ठेपला होता. हिला त्या शाळेत घातले हेच चुकले का, असे वेळू कूस बदलत स्वतःला विचारी. शाळेचे गुरुजी म्हणजे एक ढोक पक्षी. पाण्याला ओढ कशी असते, हे ते काठावर एका पायावर उभे राहून फार सुंदर समजावत, आणि तोही पाय भिजू देत नसत.

उमेदवारी मागायची तर स्वतःचा म्हणून एक गोटा डोहाच्या तोंडाशी ठेवायचा. गोट्यावरून पोर कळते, असे जुनी मंडळी मानत. गोटा जितका गुळगुळीत तितका चांगला, हात कुठे अडकता कामा नये, असे गुरुजींचे सांगणे. गुंजीच्या गोट्याचा एका अंगाने टवका उडाला होता. लहानपणी खेकडा फोडायला गेली, तेव्हा उडाला. खेकडा निसटला, पण पोरगी दिवसभर त्या टवक्यावर बोट फिरवत बसली होती.

"राहू दे ना गं तो," गुंजी म्हणाली.

पण वेळूला धीर नव्हता. लोक टवका बघतील आणि म्हणतील, आईचे लक्ष नव्हते. तिने स्वतः बसून तो घासून काढला आणि थंडी सरायच्या आत गोटा सगळ्यात मोठ्या डोहावर, राजडोहावर, पोचता केला. तिकडून काहीच निरोप आला नाही.

डोहवाले गोटा परत देत नसत. म्हणून पुढच्या डोहासाठी नवा गोटा, पुन्हा घासणे. मायलेकींच्या बिळाच्या दारात कपच्यांचा आणि रेतीचा ढीग साचत गेला. वेळू रोज ठरवी, की आज हा झाडायचाच, आणि रोज राहून जाई. इतर आयांची दारे कशी लख्ख असतात, हे तिचे आणखी एक दुखणे.

त्यातल्या पहिल्या डोहावर सांगितले, पाणी आले की या. दुसऱ्यावर विचारले, याआधी कुठे उन्हाळा काढला आहे का. पहिला उन्हाळा कुठे काढतात, असे गुंजीने अदबीने विचारले, तर म्हणाले, दुसरीकडे. तिसऱ्यावर कुणी वर आलेच नाही. नुसते बुडबुडे आले. घरी येऊन गुंजीने त्या बुडबुड्यांची अशी हुबेहूब नक्कल केली, की वेळूला हसू आवरेना, आणि हसता हसताच तिने तोंड फिरवून घेतले.

राहिला राजडोह. निदान 'नाही' तरी तोंडावर ऐकू, म्हणून दोघी निघाल्या. वाटेत गुंजीने बजावले, "तू जरा लांब उभी राहा हं. आणि तिथे माझ्या मिशा चाटून सारख्या करू नकोस."

डोहाच्या तोंडाशी आल्या आणि दोघी थबकल्या. पाणी जिथून बाहेर पडे, तिथे आडवा बांध घातला होता. सगळा गोट्यांचा. गोल, चकचकीत, एकासारखा एक.

डोहाचे धनी मिशाळराव वर आले. वेळूने भांडण मनात घोळवून आणले होते, पण म्हाताऱ्याचा चेहराच इतका ओशाळला, की तिला ते आठवेना. ते सांगू लागले, की गोटे इतके आले, कुणाकुणाला उत्तर देणार. इकडे पाणी निघून चालले होते, तेव्हा तेच रचले, झाले. तरी राहत नाही. सगळे गुळगुळीत, मधून सुळकन निसटते. स्वतःच्या भाच्यांनाही त्यांनी खालच्या अंगाला धाडून दिले होते. उमेदवारीचे नावच नको.

वेळू त्या बांधात लेकीचा गोटा शोधत होती. हा वाटे, मग तो वाटे. ज्या खुणेने ओळखला असता, ती तिच्याच हातांनी गेली होती.

"मला सापडत नाही गं तुझा," ती अखेर म्हणाली.

गुंजी तिकडे बघतच नव्हती. ती पाण्यात उतरली होती आणि बांधातल्या एका फटीवर तिने पंजा टेकला होता. पंजा टेकला की धार थांबे, उचलला की सुरू होई. तिने पुन्हा टेकला. बुडी मारायला निघालेले मिशाळराव तिथेच थांबले. त्यांच्या मिशासुद्धा हलेनात.

मग गुंजी मागे वळली. आता ही रडणार, असे वाटून वेळू दोन पावले पुढे झाली.

"आई," गुंजी म्हणाली, "आपल्या दारातला तो ढीग तू अजून झाडला नाहीस ना?"